साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर

कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. पुण्यात वाढलेल्या बऱ्याच जणांनी ते शाळेच्या सहलीत, नाहीतर मे महिन्यात आलेल्या पाहुण्यांबरोबर एकदा तरी पाहिलेलं असतं. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं, पण त्यामागे एका माणसाचा आयुष्यभराचा छंद आहे. उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, दिव्यांचे खांब, कुंपणं, पासष्टच्या वर सिग्नल, आणि या सगळ्यातून वळसे घेत धावणाऱ्या गाड्या. वाफेचं इंजिन धूर सोडतं तेव्हा मुलांपेक्षा मोठ्यांचेच चेहरे पाहण्यासारखे होतात.

हे पाहून घरी परतताना काही जणांच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो: आपल्या घरात असं काही करता येईल का? जरूर येईल. पुढचा प्रश्न मात्र अवघड असतो. त्या रुळांवरून आपली डेक्कन क्वीन का नाही धावत?

त्याचं उत्तर दोन रुळांच्या मधल्या अंतरात आहे. घरगुती रेल्वेसाठी जगभर सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे ‘एचओ’. त्यात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग करायचा. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की साडेसोळा मिलिमीटर येतात. विकत मिळणारे रूळ, गाडीचा मार्ग बदलणारे सांधे, चाकं, इंजिनं सगळी या साडेसोळावर बेतलेली. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. एचओमध्ये ते सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास व्हायला हवं, आणि तसे तयार रूळ दुकानात मिळत नाहीत. मग हौशी माणूस डबा सत्त्याऐंशीव्या भागाने बनवतो आणि साडेसोळाच्या रुळांवर ठेवतो. डबा ऐसपैस, पाय जवळजवळ. बघणाऱ्याला काय खटकतंय ते नेमकं सांगता येत नाही, पण खटकतं एवढं खरं.

इंग्रजांनी हाच घोळ स्वतःच्या देशात जाणूनबुजून घालून ठेवला. त्यांची ‘ओओ’ गाडी शहात्तराव्या भागाची, रूळ मात्र तेच साडेसोळाचे. म्हणजे खऱ्या मापात त्यांचे रूळ जवळजवळ १८ सेंटीमीटर अरुंद झाले. आज तिथे कोट्यवधी रुपयांचा बाजार त्याच चुकीच्या मापावर सुखाने नांदतो आहे. तेव्हा खटकणं सहन करून पुढे जाणं हाही एक मार्ग आहेच.

मला दुसरा मार्ग जास्त पटतो. रूळ बदलता येत नसतील तर भागाकार बदलावा. १६७६ ला १०० ने भागा: पावणेसतरा. साडेसोळाच्या इतकं जवळ की फरक शोधायला व्हर्नियर लागेल. शंभराव्या भागाने बनवलेला एलएचबी डबा (आजच्या एक्स्प्रेस गाड्यांना असतो तो) सुमारे साडेतेवीस सेंटीमीटर लांब आणि सव्वातीन सेंटीमीटर रुंद होतो. ही रुंदी एचओतल्या युरोपीय डब्याच्या जवळपास असल्यामुळे विकतची चाकं-बोगी त्याखाली नीट बसतात. आणि १:१०० हे तर आर्किटेक्ट लोकांचं रोजचं माप. माण-हिंजवडीच्या रस्त्यावर कुठल्याही बिल्डरच्या साइट ऑफिसात शिरा. काचेखाली टॉवर, टॉवरभोवती झाडं, झाडांखाली शिस्तीत उभ्या मोटारी आणि कडेला नखाएवढी माणसं. हे सामान पुरवणारी दुकानं, हे देखावे बनवणारे कारागीर आपल्याकडे आधीपासून आहेत. रेल्वेवाल्याने फक्त त्यांचा पत्ता काढायचा.

भागाकार बदलायची युक्ती एकदा हाताला लागली की त्याच साडेसोळाच्या रुळांवर महाराष्ट्राच्या आणखी काही गाड्या आणता येतात. साडेसोळाला ४८ ने गुणलं तर ७९२ मिलिमीटर. आपल्या अडीच फुटी छोट्या गाड्यांचं गेज ७६२. अवघ्या तीन सेंटीमीटरचा फरक. म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या भागाने डबे बनवले तर बार्शी लाइट रेल्वे तयार, नाहीतर विदर्भातली शकुंतला.

बार्शी लाइटची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण छोट्या रेल्वेच्या छंदाशी तिचं नातं फार थोड्यांना ठाऊक आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होता. बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये त्याने ही लाइन सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली आणि वारकऱ्यांच्या पिढ्यांनी तिच्यातून आषाढी केली. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो. बार्शीत पटलेलं हे तंत्र घेऊन त्याने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन बांधली, १९०४ मध्ये. ती १९३४ मध्ये बंद पडली, पण तिकडच्या हौशी लोकांची ती आजही लाडकी. तिची मॉडेल्स ते वर्षानुवर्षं बनवत आले आहेत. त्यांच्या पोटमाळ्यावर धावणाऱ्या गाडीची आई आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, आणि आपण मात्र स्विस आगगाडीचा डबा मागवतो! (याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही बनवली. माणूस एका जागी बसणारा नव्हता.)

१९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरची. साडेसोळाच्या रुळांवर ती सुमारे १:३५ ला उतरते, आणि हे रणगाडे-सैनिकांच्या प्लास्टिक किटचं प्रचलित माप, त्यामुळे माणसांच्या आकृत्या सहज मिळतात. फक्त त्यांच्या हातातल्या बंदुका कापून तिथे बॅगा द्याव्या लागतात. माथेरानच्या गाडीचा घरातला मोठा फायदा म्हणजे ती मुळातच आखूड आणि वळणं घेणारी. तोटा चढाचा. खऱ्या मार्गावर वीस फुटांत एक फूट चढ आहे, आणि घरातलं छोटं इंजिन तेवढ्या चढावर दोन डबे ओढतानाच घसरायला लागतं.

आता हिंजवडीशेजारच्या माण गावाची गोष्ट. शिवाजीनगरपासून हिंजवडीला येणारी मेट्रोची तिसरी मार्गिका २३.३ किलोमीटरची, २३ स्थानकांची, आणि तिचा डेपो माणला आहे. देशातल्या बहुतेक नव्या मेट्रोंप्रमाणे तिचे रूळ स्टँडर्ड गेज, १४३५ मिलिमीटर. म्हणजे भागाकार वगैरे काही नको. एचओचे विकतचे रूळ आणा, सत्त्याऐंशीव्या भागाने डबे बनवा, मापात तसूभर फरक पडत नाही. पुणे परिसरात रुळांवर धावणाऱ्या गाड्यांमध्ये साडेसोळा मिलिमीटरवर एचओमध्ये अचूक बसणारी म्हणजे मेट्रोच.

दुसरी सोय विजेची. डेक्कन क्वीनवर डोक्यावरून तार जाते. घरच्या मॉडेलमध्ये ती तार, खांब, ब्रॅकेट हे सगळं केसाएवढ्या तारेने ओढायचं म्हणजे डोळ्यांचा कस, आणि एकदा साफसफाई करताना बाही अडकली की संपलं. माणच्या मेट्रोला डोक्यावर तार नाही. ती रुळांच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी घेते. मॉडेलमध्ये प्लास्टिकची पट्टी रुळांशेजारी चिकटवली की काम झालं; इंजिनाला खरी वीज नेहमीच्या दोन रुळांतूनच मिळते. तिसरी सोय लांबीची. या मार्गिकेची गाडी तीन डब्यांची. एचओमध्ये ती पाऊण मीटरच्या आसपास भरते, म्हणजे पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावरही तिला स्थानक मिळतं. खांब, त्यावर गर्डर, गर्डरवर रूळ. खाली रस्ता. रस्त्यावर मोटारी ठेवायला मोटर किंवा यंत्रणा काही लागत नाही. हिंजवडीचा रस्ता आहे, उभ्या ठेवल्या तरी देखावा हुबेहूब दिसतो.

मेट्रोत मन रमत नसेल, घाटच हवा असेल, तर आधी हिशेब पाहावा. कर्जत ते लोणावळा लोहमार्ग २८ किलोमीटर. शंभराव्या भागाने ते २८० मीटर होतात, आणि भोर घाटाची साडेपाचशे मीटरची चढाई साडेपाच मीटर, म्हणजे फ्लॅटच्या छताला भोक पाडून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात. तेव्हा घाट कापावा लागतो, आणि काय कापायचं नाही ते ठरवणं हीच खरी कला. माझ्या मते घाटातली एकच जागा घ्यावी: खंडाळ्याजवळचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा गाडी तिथे कड्याच्या टोकाला येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते मोडीत निघालं.  अशी उलटी चाल भिंतीलगतच्या अरुंद फळीवर छान बसते. गाडीला वळवायला गोल लागत नाही आणि इंजिन सोडण्या-जोडण्याचा खेळही मिळतो. चढ ३७ त १, म्हणजे पावणेतीन टक्के. घरगुती इंजिनाला झेपणारा.

काळही विचारपूर्वक निवडावा. आजच्या डेक्कन क्वीनला सोळा डबे धरले तर शंभराव्या भागानेही पावणेचार मीटर झाले. खोली दहा बाय बाराची असते. पण १ जून १९३० ला निघालेली पहिली डेक्कन क्वीन सात डब्यांची होती. एक रेक रुपेरी, त्यावर लाल पट्टे. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघ. सात डबे आणि इंजिन मिळून पावणेदोन मीटरच्या आत. म्हाताऱ्या गाडीला फलाट पुरतो, तरुण गाडीला पुरत नाही.

बांधणीला लागताना माणच्या माणसाने दोन गोष्टी विसरू नयेत: पाऊस आणि घरमालक. आयटीतलं कुटुंब अकरा महिन्यांच्या करारावर राहतं. म्हणून सगळा देखावा एका अखंड टेबलावर न करता चार बाय दोन फुटांच्या तुकड्यांत करावा, तुकडे नट-बोल्टने जोडावेत आणि प्रत्येक तुकडा लिफ्टच्या दारातून जातो का ते आधी पाहावं. सांगाडा पाइनच्या पट्ट्यांचा, वर १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, आणि प्लायची खालची बाजू व कडा वॉर्निशने बंद. हे जून उजाडण्याआधी. रूळ वेडेवाकडे झाले की लोक उन्हाला दोष देतात, पण धातू फार हलत नाही. दहा अंश तापमान वाढलं तर मीटरभर रूळ मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढाही वाढत नाही. लाकूड दमट हवेत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, ते रुळांना ढकलतं. म्हणून दर मीटरला नखभर फट ठेवायची आणि तिथे विजेची तार वेगळी द्यायची.

गाडी रुळांवरून उतरते त्याचं कारण निम्म्या वेळा चाकांत असतं. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये एचओत सुमारे साडेचौदा मिलिमीटर अंतर हवं. ते अर्ध्या मिलिमीटरनेही चुकलं तर सांध्यावर चाक चढतं. चाकण-भोसरीत क्वालिटीत काम करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही; तो रोज गो-नोगो गेज हाताळतो. पितळेच्या तुकड्याचं एक गेज टूलरूममध्ये बनवून घेतलं की प्रत्येक चाक त्यात घालून पाहायचं, बसलं तर ठीक, नाहीतर चाक आसावर अलगद फिरवत सरकवायचं. डबे हलके असतील तरी उतरतात. चोवीस सेंटीमीटरच्या डब्याला सुमारे १६० ग्रॅम वजन असावं, आणि त्यासाठी टायरच्या दुकानात चाक बॅलन्स करताना चिकटवतात ती शिशाची नाहीतर लोखंडाची वजनं उत्तम. मागे चिकट पट्टी असतेच.

देखाव्याच्या बाबतीत मराठी माणसाने परदेशी पुस्तकांपुढे फार लवून उभं राहू नये. दिवाळीत अंगणात किल्ला करणारं पोर हे सगळं न शिकता करतं: विटा-दगडांवर गोणपाट, वर चिखल, कडे कोरायला चमचा, हिरवळीला मोहरी. घरातल्या रेल्वेच्या डोंगरात विटांच्या जागी थर्मोकोलच्या भरीव शीट येतात आणि गोणपाटाच्या जागी प्लास्टरमध्ये बुडवलेली बँडेजची पट्टी. हात तेच. गणपतीत हलते देखावे करणाऱ्या मंडळाच्या कार्यकर्त्याला तर मोटर, पुली, लपवलेली वायर यातलं काही नवं नाही.

रुळांखालची खडी हा आपला खास लाभ. बाहेरदेशी पाकिटातून राखाडी रंगाची खडी विकत घेतात. आपल्या रुळांखाली सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट असतो आणि तो माणच्या आजूबाजूच्या कुठल्याही खडी क्रशरच्या दारात पडलेला असतो. ओंजळभर कच आणायची, धुवायची, वाळवायची. आधी पिठाच्या चाळणीने जाडी काढून टाकायची, मग चहाच्या गाळणीने पूड उडवायची. मध्ये उरतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा दाणा; शंभराव्या भागात खऱ्या खडीएवढाच. चुंबक फिरवून पाहावं, लोहकण चिकटले तर काढावेत, नाहीतर इंजिनाच्या मोटरीत जातात. खडी कोरडीच रुळांमध्ये पसरून मऊ ब्रशने स्लीपरच्या पातळीला आणायची. त्यावर पाण्याचा फवारा, त्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, आणि मग निम्मं पाणी घातलेला फेविकॉल ड्रॉपरने. लिक्विडचा थेंब विसरलात तर फेविकॉलचे गोळे होतात आणि खडी त्यांच्यावर तरंगते. रात्रभर हात लावायचा नाही. सांध्याच्या हलत्या पट्टीपाशी फेविकॉल गेला तर सांधा कायमचा एकाच दिशेचा.

नदी करायची झाली तर पवना करावी. पारदर्शक रेझिन ओतून निळंशार पाणी करायची गरज नाही. वर जलपर्णीचा हिरवा थर टाकला की काम भागतं, आणि खोटंही होत नाही.

विजेचं काम मात्र सुबक हवं. रूळ जोडणाऱ्या छोट्या पट्ट्यांवर विजेसाठी भरवसा ठेवू नये. वर्षभरात त्या काळवंडतात. टेबलाखालून दीड चौरस मिलिमीटरच्या दोन तारा न्याव्यात आणि दर मीटरला प्रत्येक रुळाला एक बारीक तार खालून सोल्डर करावी. मग रुपयाचं नाणं घेऊन सर्वांत दूरच्या टोकाला दोन रुळांवर आडवं ठेवायचं. कंट्रोलरने लगेच वीज तोडली तर वायरिंग बरोबर. नाणं नुसतंच गरम होत राहिलं तर तारा कमी पडताहेत.

पूर्वी एका रुळावर दोन गाड्या चालवायच्या तर रुळांचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळं बटण द्यावं लागे. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, आल्यावर ते संपलं. लेन्झ या जर्मन कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात त्याचं प्रमाण ठरवलं. रुळांत सतत वीज असते, तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते, आणि त्या पालटण्यातच हुकूम दडलेला असतो: प्रत्येक अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर ‘एक’, जवळजवळ दुप्पट लांब असेल तर ‘शून्य’. इंजिनातली चिप आपला नंबर ओळखते आणि तेवढाच हुकूम पाळते. तयार कंट्रोलर महाग पडतो, पण आर्डुइनो मेगावर चालणारं डीसीसी-ईएक्स फुकट आहे, आणि संगणकावरून सिग्नल-सांधे हलवणारं जेएमआरआयही फुकट. ते जावामध्ये लिहिलेलं आहे. माणच्या पंचक्रोशीत जावा येणाऱ्यांची टंचाई नाही.

इतकं झाल्यावर बहुतेकांचा छंद थंडावतो. गाडी गोल गोल फिरते, पाहुण्यांना दाखवून होते, आणि मग बांधकामाची धूळ बसायला लागते. रूळ सँडपेपरने घासू नयेत, ओरखड्यांत पुढची धूळ पक्की बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती कपड्याचा तुकडा पुरतो. खरी सुधारणा मात्र गाडीला काम देण्यात आहे. कर्जतला खऱ्या मार्गावर पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, तेवढ्यात फलाटावर वडापाव खपतो, आणि मग गाडी घाट चढते. हे घरी करायला तीन माणसं लागतात: पुढचा ड्रायव्हर, बँकरचा ड्रायव्हर आणि लोणावळ्याचा स्टेशन मास्तर. हे तिसरं काम घरातल्या सर्वांत चौकस मुलाला द्यावं. घड्याळ सहापट वेगाने धरलं तर दहा मिनिटांत तासाभराचं वेळापत्रक होतं. दोन्ही इंजिनांच्या चिपमध्ये वेगाचे आकडे जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर मागचं जास्त ढकलतं आणि वळणावर मधला डबा उचलला जातो. बँकर लोणावळ्याला सुटले की रिकामेच खाली परततात, आणि त्यांच्यासाठी दोन गाड्यांच्या मध्ये वाट ठेवावी लागते. वेळापत्रक बनवायला बसणाऱ्याची पहिली भांडणं बहुधा याच वाटेवरून होतात.